सरजाबाईचा वज्रांग

सेलूच्या स्टेशनामागं एक जिनिंग होती. तिथं सरजाबाई कापूस निवडायच्या कामावर होती. ढिगापुढं बसायचं, पाला, माती, पिवळी पडलेली बोंडं वेचून बाजूला टाकायची, आणि भोंगा झाला की डोक्यावरचा कापूस झटकत घरी जायचं. अक्षराशी तिची कधी गाठ पडली नव्हती. पगाराच्या कागदावर अंगठा उमटवायची आणि तोच अंगठा लुगड्याच्या पदराला पुसायची. पण डिटेक्टिव्ह वज्रांगच्या एकशे चार कादंबऱ्या तिच्या डोक्यात होत्या. कुणी कुणाला कुठं मारलं, कशानं मारलं, प्रेत आधी कुणाला दिसलं, वज्रांगनं त्या दिवशी कोणत्या रंगाचा कोट घातला होता, सगळं.

हे घडलं रंगनाथमुळं. रंगनाथ जिनिंगच्या फाटकावर राखणदार होता. पन्नाशीचा, एका डोळ्यानं अधू, चवथीपर्यंत शिकलेला. बाजारपेठेत मल्लिकार्जुनअप्पांचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं आणि त्यात दोन फळ्या भाड्यानं द्यायच्या पुस्तकांच्या होत्या. रंगनाथ तिथून वज्रांगचं पुस्तक आणायचा आणि जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली बसून मोठ्यानं वाचायचा. वीस-पंचवीस बाया भाकरी सोडून भोवती बसायच्या. तो वाचायचा मात्र रेल्वेची नोटीस वाचल्यासारखा. खून असो की चुंबन, सूर एकच. चुंबन आलं की दोन ओळी गाळायचा. सरजाबाई लगेच म्हणायची, "रंगनाथभाऊ, कायतरी सोडलं तुमी. आत्ता तर ती दारात हुती, येवढ्यात पलंगावर कशी आली?"

अप्पांच्या दुकानातल्या पुस्तकांना एक खोड होती. वाचून वाचून शेवटची पानं गळालेली असायची. खुनी कोण ते कळायच्या आधीच पुस्तक संपायचं. बाया हळहळायच्या. मग सरजाबाई तोंडातला घास गिळून सांगायची, कोणी मारलं आणि का मारलं. एकदा रंगनाथ परभणीला दवाखान्यात गेला होता, तिथं स्टँडवर त्याला अशाच एका पुस्तकाची धड प्रत मिळाली. त्यानं उभ्या उभ्या शेवट वाचला आणि परत येऊन बायांना सांगितलं, "सरजाबाईनं सांगितलं तेच हाय. तोच डॉक्टर." तेव्हापासून जिनिंगमध्ये तिच्या शब्दाला वजन आलं.

चौऱ्याऐंशी सरून पंच्याऐंशी लागलं, त्या जानेवारीत अप्पांच्या दुकानावर एक गुलाबी हँडबिल लागलं. रंगनाथनं ते काढूनच आणलं आणि लिंबाखाली वाचलं. सेलूत 'अखिल मराठवाडा रहस्यकथा वाचक संमेलन' भरणार होतं. स्वागताध्यक्ष तात्याराव, आडत व्यापारी. प्रमुख पाहुणे साक्षात भुजंगनाथ, म्हणजे वज्रांगचे लेखक. सकाळी ग्रंथदिंडी, मग परिसंवाद, मग ठराव, आणि शेवटी 'वज्रांग-शिरोमणी' ही स्पर्धा. ज्याला वज्रांगची सगळ्यांत जास्त माहिती, त्याला शाल, नारळ आणि पंचवीस कोऱ्या पुस्तकांचा संच.

"कोऱ्या म्हंजे शेवटच्या पानासकट?" सरजाबाईनं विचारलं.

"मंग काय! तुमी उभ्या ऱ्हावा."

"मला कोन घेतंय?"

"आवं, हितं लिव्हलंय की, सर्व वाचकांस खुली."

दुपारच्या पाळीत सरजाबाईच्या हातून पिवळी बोंडं पांढऱ्या ढिगात गेली. मुकादम ओरडला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात हो म्हणून बसलोय.

आता तात्यारावांविषयी सांगायला हवं. गावात त्यांच्यावाचून सत्कार होत नसे की श्रद्धांजली. कृषी प्रदर्शन झालं, कुस्त्या झाल्या, कवींचं एक संमेलनही झालं, त्यात कवी नऊ आणि हारवाले अकरा होते. मग अप्पा म्हणाले की, गावात खरं वाचलं जातं ते वज्रांगच, तेव्हा त्याचंच संमेलन घ्या. तात्यारावांनी स्वतः एकच रहस्यकथा वाचली होती, तीही तेरावं पान लागेपर्यंत. पण स्वागताध्यक्षाला वाचावं लागत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यांनी सात समित्या नेमल्या. पत्रिका समिती, फेटे समिती, चहापान समिती. परीक्षक समितीत परभणीच्या कॉलेजातले एक प्राध्यापक घेतले. स्पर्धक म्हणून पहिलं नाव आलं किशनरावांचं. किशनराव हे तात्यारावांचे व्याही.

संमेलनाच्या दिवशी बाजार बंद होता, जिनिंगही बंद. सरजाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली. ती आणि रंगनाथ मंगल कार्यालयाशी आले तेव्हा दिंडी निघायच्या बेतात होती. पालखी सजवलेली, बँड तयार. पालखीत अप्पांच्या फळ्यांवरची साठ पुस्तकं रचली होती. पण ओळखू येत नव्हती, कारण प्रत्येकाला खाकी कव्हर घातलेलं होतं. झालं असं, की आदल्या दिवशी तात्यारावांनी पुस्तकांची मुखपृष्ठं पहिल्यांदा नीट पाहिली. कुठं पिस्तूलवाली बाई, कुठं टॉवेल गुंडाळलेली बाई, कुठं नुसताच टॉवेल. ते म्हणाले, "रस्त्यानं लेकीबाळी बगतेत. हे असं मिरवायचं?" रातोरात कव्हरं घातली गेली. त्यामुळं पालखीत एखाद्या शाळेचं वार्षिक तपासणीचं सामान चालल्यासारखं दिसत होतं. लोक भक्तिभावानं फुलं टाकत होते.

दिंडी परत आली आणि कार्यालयाच्या दारात एक जमादार दोन शिपायांसह उभा दिसला. हातात गुलाबी हँडबिल. तात्यारावांच्या फेट्याखाली घाम आला.

"हे तिसरं कलम काय हाय?" जमादारानं विचारलं. "मंडळाचे नामांतर, ठराव."

"ते आमच्या मंडळाचं हो," तात्याराव म्हणाले. "रहस्यकथा म्हनलं की हलकं वाटतंय. म्हनून गूढसाहित्य रसिक मंडळ करायचं चाललंय."

"म्हंजी तुमी नामांतराच्या बाजूनं हाव का इरोधात?"

"आमी... आमी पुस्तकाच्या बाजूनं हाव!"

"इद्यापीठाच्या नावापायी वरून हुकूम हाय. ह्यो शब्द जिथं दिसंल तिथं बंदोबस्त." आणि जमादार आत जाऊन पहिल्या रांगेतल्या राखीव खुर्चीत बसला.

मग समितीची पळापळ झाली. निळी पेन्सिल आणून उरलेल्या सगळ्या हँडबिलांवर 'नामांतर' खोडून 'नावदुरुस्ती' केलं गेलं. सगळे हसत होते. सरजाबाई हसली नाही. तिचं घर स्टेशनापलीकडच्या बौद्धवाड्यात होतं. अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात तिच्या माहेरची वस्ती जळली होती, याच एका शब्दापायी. ती गेली तेव्हा भावाच्या घराचं जातं तेवढं जागेवर होतं, काळं पडलेलं, आणि भावजय त्याला टेकून बसली होती. तात्याराव निळ्या पेन्सिलीनं कागद खोडत होते ते ती बघत राहिली. ह्या लोकांचं बरं आहे, तिच्या मनात आलं. खोडलं की मिटलं.

आत खुर्च्या होत्या, त्या सभासदांसाठी. बायकांसाठी डावीकडं सतरंजी. तिथं समितीच्या बायका हळदीकुंकवाला आल्यासारख्या बसल्या होत्या. सरजाबाई सतरंजीच्या काठावर टेकली. तिच्याशेजारच्या बाईनं पदर सावरला आणि वीतभर सरकली.

परिसंवाद झाला. विषय 'रहस्यकथा : दशा आणि दिशा'. प्राध्यापक चाळीस मिनिटं बोलले. प्रारंभीच त्यांनी सांगितलं की, आपण या प्रकारातलं काहीही वाचलेलं नाही, त्यामुळं आपलं मत पूर्णपणे निःपक्षपाती आहे. टाळ्या पडल्या. पुढच्या वक्त्यानं वाचनसंस्कृती बुडत चालल्याबद्दल दुःख व्यक्त केलं. लोक टीव्हीच्या नादी लागल्याचं त्यानं सांगितलं. सेलूत तेव्हा टीव्ही किती घरात होता हे बोटांवर सांगता आलं असतं, त्यातला एक त्या वक्त्याच्याच घरी होता. सरजाबाई वाट बघत होती की कुणीतरी आता एखाद्या खुनाविषयी बोलेल. कुणी बोललं नाही. अडीच तासांत वज्रांगचं नाव दोनदा निघालं, तेही आभार मानताना.

तिचे डोळे लेखकावर होते. तिच्या मनातला भुजंगनाथ उंच, दाढीवाला, काळ्या कोटातला होता. मंचावर बसला होता एक किडकिडीत, टक्कल पडलेला माणूस, स्वेटर घातलेला. पुण्यात टपालखात्यात नोकरी करायचा म्हणे. त्याला हारांचा त्रास होत असावा, कारण तो सारखा शिंकत होता.

स्पर्धेला दोनच नावं आली. किशनराव आणि सरजाबाई. नाव नोंदवायच्या टेबलाशी समितीच्या माणसानं तिच्यापुढं फॉर्म सरकवला. "हितं सही करा."

सरजाबाईनं शाईच्या पॅडकडं बोट दाखवलं.

माणसानं वर पाहिलं. मग तो उठून तात्यारावांकडं गेला. तात्याराव प्राध्यापकांकडं गेले. मंचावर कुजबुज सुरू झाली आणि ती माइकमधून सगळ्यांना ऐकू आली.

"वाचक स्पर्धा आहे. वाचता न येणारा वाचक कसा असू शकतो?" प्राध्यापक म्हणत होते.

रंगनाथ मागून उठला. "साहेब, मी वाचलंय की! माझ्या तोंडून तिनं ऐकलंय. एक बी सोडलं न्हाई."

"मग स्पर्धेला तुम्ही उभे राहा."

"माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई हो. मी वाचतो आन् इसरतो. तिच्याच ध्यानात ऱ्हातंय."

सभा हसली. कुणीतरी ओरडलं, "मंग पुस्तक कोन वाचलं, सांगा!" तात्याराव हात जोडून शांत राहायला सांगू लागले. तेवढ्यात भुजंगनाथ शिंकले, रुमाल बाजूला घेतला आणि म्हणाले, "माझी पुस्तकं ऐकणारं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. होऊ द्या त्यांना."

पाहुण्यांचा शब्द मोडणं बरं दिसलं नसतं. सरजाबाईनं अंगठा उमटवला आणि ती मंचाच्या कडेला जाऊन उभी राहिली.

प्रश्नपत्रिका प्राध्यापकांनी काढली होती. काहीही न वाचता काढलेली असल्यामुळं ती फार सोपी होती, म्हणजे पुस्तकांच्या नावावरून उत्तर कळावं अशी. पहिला प्रश्न आला. "सातवा खिळा या कादंबरीत खून कशाने होतो?"

"खिळ्यानं," किशनराव झटक्यात म्हणाले.

"बरोबर. दहा गुण."

"चूक हाय ते," सरजाबाई म्हणाली.

तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. पण तोंडातून निघालंच होतं, तेव्हा ती पुढं बोलत गेली. "खिळ्यानं कुनीच मरत न्हाई त्यात. सातवा खिळा दाराच्या मागं हाय, त्याच्यावर तिजोरीची किल्ली टांगलेली. सावकार मरतो इड्यातल्या इखानं. इडा त्याच्या धाकट्या भावानं दिला. भाऊ डावरा, म्हनून चुना उजव्या बोटाला न्हाई, डाव्या बोटाला. तिथं वज्रांगनं त्याला धरला."

प्राध्यापकांनी कागद उलटा करून पाहिला. "आमच्याकडे उत्तर खिळा असं आहे."

"तर मंग लेखकालाच इच्चारा," रंगनाथ ओरडला.

सगळ्यांनी भुजंगनाथांकडं पाहिलं. ते घाबरल्यासारखे दिसले. "कधीचं आहे हे? सत्तर-एकाहत्तर? तेव्हा मी महिन्याला दोन लिहीत होतो. मला नाही आठवत हो."

"पुस्तकच बगा की!" कुणीतरी म्हणालं.

पालखी मंचाशेजारीच होती. पण साठही पुस्तकं खाकी कव्हरात आणि आत पहिलं पान बहुतेकांचं गळालेलं. 'सातवा खिळा' कोणतं ते कळेना. शेवटी अप्पांनी कव्हरं फाडायला सुरुवात केली. एकेक कव्हर सुटत गेलं आणि टॉवेलवाली बाई, पिस्तूलवाली बाई, झुंबराला लटकलेली बाई अशा सगळ्या जणी तात्यारावांच्या पुढ्यात ओळीनं मांडल्या गेल्या. सतरंजीवरच्या बायकांनी माना खाली घातल्या आणि पदराआडून नीट बघून घेतलं. अखेर 'सातवा खिळा' सापडलं. त्याची शेवटची सोळा पानं नव्हती.

तेव्हा पहिल्या रांगेतला जमादार उठला. त्यानं टोपी सारखी केली. "बाई बराबर सांगायल्यात," तो म्हणाला. "इड्यातून इख. मी चौकीवर वाचलंय ते, रातपाळीला." आणि तो खाली बसला. त्याचे दोन्ही शिपाई त्याच्याकडं नव्या आदरानं बघू लागले.

बाकीचे नऊ प्रश्न असेच गेले. किशनराव पुस्तकाच्या नावावरून ठोकत होते, सरजाबाई खरं सांगत होती, आणि प्राध्यापकांचा कागद किशनरावांच्या बाजूनं होता. शेवटी तात्याराव म्हणाले, "आता बाईंना पाहुण्यांना काही इच्चारायचं असंल तर इच्चारू द्या." त्यांना वाटलं, ही लाजेल, आटोपेल.

सरजाबाईनं भुजंगनाथांकडं पाहिलं. "दादा, राग मानू नका. वज्रांगच्या लीनाबाईला तुमी मारलं, घाटात जीप पडून. त्या दिवशी आमी जिनिंगमधी कोनी जेवलो न्हाई. आमच्यातल्या नागुबाईला तर ताप भरला. आन् मंग पाच पुस्तकं झाल्यावर ती वज्रांगला कॉफी देती. कुठून आली ती?"

भुजंगनाथांचा रुमाल हातातच राहिला. "मारलं होतं मी तिला?"

"मारलं हुतं."

"मी विसरलो," ते म्हणाले. मग फार हळू, माइकला टाळून: "बाई, चौदा वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही हो."

निकालासाठी समिती आतल्या खोलीत गेली. चहा झाला. मग तात्यारावांनी जाहीर केलं, की दोन्ही स्पर्धक तुल्यबळ असले तरी साक्षरतेचा निकष लक्षात घेता 'वज्रांग-शिरोमणी' किशनराव यांना देण्यात येत आहे. आणि सरजाबाईंना 'उत्तेजनार्थ श्रोता' म्हणून प्रौढशिक्षणाची अंकलिपी आणि एक पाटी देण्यात येत आहे. टाळ्या झाल्या. किशनरावांना शाल घातली गेली. सरजाबाईनं अंकलिपी घेतली, उघडली, चाळली. कमळाचं, खटाऱ्याचं चित्र होतं. तिनं ती टेबलावर परत ठेवली.

"हिच्यात कोनीच मरत न्हाई," ती म्हणाली आणि मंचावरून उतरली.

बाहेर आल्यावर मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रंगनाथ तिच्यासोबत चालत होता. "आपन गेलोच कामून?" एवढंच ती म्हणाली. पंचवीस कोरी पुस्तकं, शेवटच्या पानांसकट. ती किशनरावांच्या कपाटात जाणार आणि तिथं नुसती उभी राहणार, याचं तिला सगळ्यांत जास्त लागलं होतं.

स्टेशनाशी रस्ता वळतो तिथं मागून हाक आली. भुजंगनाथ. गळ्यात अजून एक हार, हातात पिशवी. संध्याकाळच्या गाडीला अजून पाऊण तास होता. फेटे समितीतलं कुणी त्यांना पोचवायला आलं नव्हतं, कारण जेवणाच्या पंगती बसल्या होत्या.

ती तिघं प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर बसली. म्हणजे भुजंगनाथ आणि रंगनाथ बसले. सरजाबाई खाली टेकणार होती, तर भुजंगनाथांनी हार काढून पिशवीत कोंबला आणि सरकून जागा केली. मग खिशातून एक छोटी वही काढली.

"वज्रांगच्या गालावर व्रण आहे ना? कुठल्या?"

"डाव्या. पन दोन पुस्तकांत उजव्या केलाय तुमी."

"आई आहे त्याला?"

"हाय. वाईला ऱ्हाती. तिला मोतीबिंदू झालाय. सा वर्षं झाली, अजून काढला न्हाई त्यो."

भुजंगनाथ लिहीत गेले. सरजाबाई सांगत गेली. वज्रांग सिगारेट सोडून किती दिवस झाले, त्याचा कुत्रा कधी मेला, त्याच्यावर किती बायका भाळल्या आणि त्यातली खरी कोण होती. भुजंगनाथ मधूनच हसायचे, मधूनच थांबून "हे मी लिहिलंय?" असं विचारायचे. शेवटी गाडीचा धूर दिसला तेव्हा त्यांनी विचारलं, "मग लीनाचं काय करू? ती जीपमधून आधीच उडी मारून वाचली होती, असं दाखवू का?"

सरजाबाईनं येणाऱ्या गाडीकडं पाहिलं.

"नगा," ती म्हणाली. "मेलेलं मानूस परत आनलं की रडलेल्या मानसांची चेष्टा हुती. ती कॉफी देनारी दुसरी कोनतरी हाय आसं लिव्हा. तिची बहीन म्हना. पन लीनाबाई गेली ती गेली."

भुजंगनाथांनी ते लिहून घेतलं. गाडीत चढताना त्यांनी जिनिंगचा पत्ता विचारला.

मार्चात पहिलं पोस्टकार्ड आलं. 'सौ. सरजाबाई, जिनिंगचे फाटक, सेलू.' मुकादमानं ते तीनदा उलटंपालटं करून पाहिलं. मग महिन्या-दीड महिन्याला कार्ड येऊ लागलं. वज्रांगला पोहता येतं का? तो दार्जिलिंगला आधी गेला आहे का? रंगनाथ वाचायचा, सरजाबाई सांगायची, रंगनाथ लिहायचा. तात्यारावांच्या मंडळाचं पुढचं संमेलन पालमला झालं. त्याला लेखक बोलवायचा नाही असं ठरलं होतं, कारण लेखकामुळं कार्यक्रमात अडथळा येतो असा मागचा अनुभव होता.

दोन वर्षांनी असंच एक कार्ड आलं. भुजंगनाथांनी लिहिलं होतं, प्रकाशक मागं लागले आहेत, वज्रांगचं लग्न लावून टाकू का? त्या दिवशी जिनिंगमध्ये जेवणाची सुट्टी वीस मिनिटं लांबली. निम्म्या बाया म्हणाल्या, लागू द्या, किती दिवस एकट्यानं राहील. नागुबाईनं तर कपडे काय घालावेत तेही सांगितलं. सरजाबाईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि रंगनाथला म्हणाली, "लिव्हा. नगा लावू. लगीन झालं की ह्यो घराभाईर पडनार न्हाई. आन् पडलाच तर तिच्या जिवाला घोर. दोन्हीकून वाटोळं."

कार्ड गेलं. भुजंगनाथांचं उत्तर आलं नाही. चार महिन्यांनी अप्पांच्या दुकानात नवं पुस्तक आलं, मुखपृष्ठावर वज्रांग मुंडावळ्या बांधून उभा, एका हातात पिस्तूल.

रंगनाथनं लिंबाखाली बसून ते उघडलं. सगळ्या बाया जमल्या. सरजाबाई आली नाही. ती तिकडं ढिगापाशी एकटीच भाकरी खात बसली होती, पाठ करून. रंगनाथनं मुद्दाम आवाज चढवून पहिलं प्रकरण वाचलं. अक्षता पडल्या, बँड वाजला, आणि मांडवातच वधूच्या मामाचा खून झाला.

ढिगाकडून आवाज आला, "कशानं मेला?"

"तुमाला काय करायचंय?" रंगनाथ म्हणाला. "तुमी तर लग्नाला आल्या न्हाईत."

सरजाबाईनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली, उठली आणि नागुबाईला सरकवून लिंबाखाली बसली.

"पुन्यांदा वाचा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. आन् काही सोडू नका."